सवाली

मराठीने आमच्या घरातला एक शब्द फार पूर्वी उचलला आणि त्याला नवे काम दिले. तो शब्द म्हणजे मुलाखत. उर्दूत मुलाकात म्हणजे नुसती भेट. दोन माणसे समोरासमोर आली, सलाम-दुआ झाली, चहा झाला, की मुलाकात झाली. मराठीत मात्र मुलाखत म्हटले की एक जण विचारणार आणि दुसरा सांगणार, हे ठरलेले असते. उर्दू वर्तमानपत्रे याच कामासाठी सर्रास ‘इंटरव्ह्यू’ हा इंग्रजी शब्द वापरतात आणि मराठी वर्तमानपत्रे आमचा शब्द वापरतात. शब्द असे घरे बदलतात. पण जुन्या घरातला अर्थ विसरू नये, असे आम्हाला वाटते. आधी भेट, मग प्रश्न. भेट झाली नसेल तर प्रश्नाला उत्तर मिळते, पण हकीकत मिळत नाही.

दुसरा शब्द सवाल. हाही दोन अर्थांचा आहे. सवाल म्हणजे प्रश्न आणि सवाल म्हणजे मागणेही. जुमेरातीच्या दिवशी दारात येऊन हात पसरणाऱ्याला आमच्या मोहल्ल्यात सवाली म्हणतात. म्हणजे ज्याने प्रश्न विचारला तो त्या क्षणी मागणारा झाला. देणारा तो, जो उत्तर देतो. वर्गात खडू घेऊन उभे राहिलो की ही गोष्ट ध्यानात राहत नाही. दुसऱ्याच्या उंबरठ्यावर उभे राहिलो की लगेच ध्यानात येते.

तिसरा शब्द तहकीक. हक्क, हकीकत, तहकीक ही एकाच कुळातली भावंडे. जे खरे आहे ते खरे म्हणून ठरवणे, ती तहकीक. उर्दूत संशोधनाला हाच शब्द आहे. पोलीस करतात ती तफ्तीश. दोन्हींत प्रश्नच विचारले जातात. पण एकीत माणूस खुलतो आणि दुसरीत तो स्वतःला सावरून बसतो.

हे तीन शब्द आधी सांगण्याचे कारण आमचे गाव. आम्ही दोघी मालेगावात उर्दू माध्यमाच्या एका शाळेत शिकवतो. दोघींचेही बी.एड. झालेले, दोघींचीही तिशी उलटलेली. या लेखातले ‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघी. मोसम नदीच्या काठचे हे यंत्रमागांचे गाव. इथे शुक्रवारी माग बंद राहतात आणि रविवारी खडखडाट चालू असतो. या गावाला बाहेरच्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले आहेत. २००६ आणि २००८ साली इथे बाँबस्फोट झाले. त्यानंतर पोलीस आले, पत्रकार आले, निरनिराळ्या समित्या आल्या. २००६ च्या प्रकरणात आधी पकडलेल्या इथल्या तरुणांना विशेष न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपातून मुक्त केले. मधली दहा वर्षे त्यांच्या घरच्यांनी काय काय प्रश्न ऐकले असतील ते त्यांनाच ठाऊक. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला आणि जन्माचे दाखले काढायला महापालिकेत रांगा लागल्या. त्या दिवसांत हातात वही घेऊन गल्लीत कोणी शिरले की दारे ओढून घेतली जात. अशा गावात ‘काही विचारायचे आहे’ हे वाक्य साधे नसते. ऐकणारा आधी मनातल्या मनात विचारतो, याला हे कशासाठी हवे?

आम्हाला ते हवे होते ते एका अहवालासाठी. २०२२ च्या जूनमध्ये आमच्या आठवीतून बाहेर पडलेल्या नऊ मुलींनी नववीत नाव घातले नाही. आमची शाळा आठवीपर्यंतच. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तोही सहा ते चौदा वर्षांपर्यंतचाच. त्यापुढे मूल शाळेत गेले काय आणि न गेले काय, कागदाला फारसा फरक पडत नाही. पण या नऊ मुलींना आम्ही नावानिशी ओळखत होतो. त्यांतली एक वर्गात भूमितीची आकृती सर्वांत आधी काढायची. मुख्याध्यापकांनी सांगितले, घरी जाऊन या, कारणे लिहून द्या. सोबत एक छापील तक्ता दिला. त्याच्या डोक्यावर लिहिले होते, ‘गळतीची कारणे’. खाली चौकटी होत्या: आर्थिक अडचण, स्थलांतर, घरकाम, विवाह, पालकांची उदासीनता, इतर. चौकटीत खूण करायची, की काम संपले.

पहिल्याच घरी हा तक्ता मांडीवर ठेवून आम्ही मथळा वाचला. मुलीची आई कांडी भरत बसली होती. तिने हात थांबवला आणि विचारले, “गलती? किस की गलती, टीचर?”

मराठीतला ‘ळ’ आमच्या बोलीत ‘ल’ होतो. मराठीतली गळती तिच्या कानावर गलती होऊन पडली. नळातून पाणी गळावे तशी शाळेतून मुले गळतात, असे सरकारी मराठीला म्हणायचे होते. तिला ऐकू आले की कोणाची तरी चूक झाली आहे आणि ती शोधायला मास्तरणी आल्या आहेत. आम्ही तो तक्ता घडी करून पिशवीत ठेवला. नंतर त्या नऊही घरांत तो बाहेर काढला नाही. चौकटी घरी येऊन भरता येतात. माणूस तिथेच असतो तोवर ऐकावा.

इथे शिक्षकांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवे. शाळेत आम्ही दिवसाला शेकड्यांनी प्रश्न विचारतो, पण ते सगळे अशा जातीचे की ज्यांची उत्तरे आम्हाला आधीच माहीत असतात. गोदावरी कुठे उगम पावते हे शिक्षकाला माहीत नसते म्हणून तो विचारत नाही. तो मुलाला माहीत आहे का हे तपासतो. हा परीक्षेचा प्रश्न. शिवाय आम्ही घाईही फार करतो. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातल्या संवादांचा बारकाईने अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले. हाच थांबा तीन सेकंदांचा केला तर मुलांची उत्तरे लांबतात, जास्त मुले बोलतात आणि ‘माहीत नाही’ म्हणणारी कमी होतात. तीन सेकंद म्हणजे किती? ‘बिस्मिल्लाह’ सावकाश म्हणून होईल एवढेच. वर्गात हे अवघड जाते. परक्या घरात तर त्याहून अवघड, कारण शांतता झाली की पाहुण्याला वाटते आपलेच काही चुकले आणि तो दुसरा प्रश्न पुढे करतो. आम्ही आपसात ठरवून घेतले होते की एकीने बोलायचे, दुसरीने लिहायचे, आणि समोरची बाई गप्प झाली तर दोघींनीही गप्प राहायचे. पुष्कळदा त्या गप्प राहण्यानंतरचेच वाक्य कामाचे निघाले.

दुसरे ठरवले ते ‘का’ या शब्दाबद्दल. मुलीची शाळा का सोडवली, असे विचारले की ऐकणाऱ्याला तो जाब वाटतो. जाब विचारला की माणूस सफाई देतो आणि सफाईत सर्वांना पटेल असेच कारण सांगतो: पैसा नाही, जमाना खराब आहे, बाप नाही म्हणतो. ही कारणे खोटी नसतात, पण ती गल्लीतल्या प्रत्येकाच्या तोंडी तयार असतात. म्हणून आम्ही विचारले, “निकालाचा कागद घरी आला त्या दिवसापासून सांगा. मग काय झाले?” हे सांगायला सोपे असते. माणसाला कारणमीमांसा करता येत नाही, पण गोष्ट सांगता येते. कोण आले, कोण काय म्हणाले, पिशवी कुठे ठेवली, वह्या कोणाला दिल्या. त्या गोष्टीतच कारण दडलेले असते. ते सांगणाऱ्यालाही त्या क्षणीच सापडते, असे आम्ही दोन-तीनदा पाहिले.

कांडी भरणाऱ्या त्या आईने असेच सांगितले. निकाल आला, मिठाई वाटली, हायस्कूलचा फॉर्मही आणला. फॉर्मवर मुलीला दुपारचे सत्र मिळाले होते. दुपारचे सत्र साडेपाचला सुटते. “बारिश तक तो ठीक है,” ती म्हणाली आणि थांबली. आम्हीही थांबलो. मग ती म्हणाली, “दिसंबर में मगरिब छह बजे हो जाती है, टीचर. बीच में दो गल्लियाँ हैं, जहाँ कारखाने की दीवार है. उधर बत्ती नहीं है.” फॉर्म तिने परत कपाटात ठेवला. पाच महिन्यांनंतर येणारा अंधार तिने जूनमध्येच मोजला होता. हिला उदासीन पालक म्हणायचे? तक्त्यात तर तीच चौकट जवळची होती.

प्रश्नातला एक शब्द उत्तर कसे फिरवतो, हे शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले आहे. १९७४ साली एलिझाबेथ लोफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. मग गाड्या किती वेगात होत्या असे विचारले. काहींना विचारताना गाड्या ‘एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा’ अशा अर्थाचे क्रियापद वापरले, काहींना ‘एकमेकींना लागल्या तेव्हा’ अशा अर्थाचे. चित्रफीत तीच. पण पहिल्यांनी सांगितलेला वेग ताशी सुमारे ४० मैल भरला, दुसऱ्यांचा सुमारे ३२. याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारले, काच फुटलेली पाहिलीत का? काच फुटलेलीच नव्हती. तरी भारी शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण ‘हो’ म्हणाले. साधा शब्द ऐकलेल्यांत ७ जण. हे वाचून आमच्या मनात आले की आमच्या समाजाबद्दल जे प्रश्न विचारले जातात त्यांत असा भारी शब्द किती वेळा आधीच भरलेला असतो. ‘तुमच्यात मुलींना शिकवत नाहीत, ते कशामुळे?’ हा प्रश्न आम्हाला स्वतःला प्रशिक्षणाच्या वर्गात अनेकदा विचारला गेला आहे. त्यात विचारण्यासारखे काही उरलेलेच नसते. निकाल आधी आणि जबाब मागून.

कधी शब्दाची व्याख्याच प्रश्न ठरवते. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावायची होती. त्याच आठवड्यात मदरशांवरून वाद पेटला. गणित, विज्ञान यांसारखे विषय न शिकवणाऱ्या मदरशातले मूल शाळेत धरायचे की शाळाबाह्य? सरकारने शाळाबाह्य म्हटले. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आणि तो वाद इथे उकरायचा नाही. शिक्षकाने लक्षात ठेवावे ते एवढेच, की ‘मूल शाळेत जाते का?’ या साध्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी ‘शाळा म्हणजे काय?’ हे विचारणाऱ्याने ठरवलेले असते आणि सांगणाऱ्याला त्याची खबर नसते. याच्याशी जुळणारे दुसरे उदाहरण सच्चर समितीचे. मार्च २००५ मध्ये नेमलेल्या या समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुले तीन टक्क्यांच्या आसपासच आहेत, हे त्यात आकड्यांनी दाखवले. त्याआधी कितीतरी वर्षे चर्चा याच गृहीतावर चालत होती की मुस्लिम मूल म्हणजे मदरशातले मूल. त्या अहवालाचे दुसरे प्रकरण आम्हाला अधिक जवळचे वाटते. समिती राज्याराज्यांत फिरली, लोकांना भेटली आणि लोक स्वतःबद्दल काय म्हणतात ते त्या प्रकरणात मांडले. ओळख, सुरक्षितता आणि समान संधी, या तीन गोष्टींभोवती लोक बोलले. आकडे पुढच्या प्रकरणांत येतात. आधी माणसे, मग आकडे, हा क्रम आम्हाला योग्य वाटतो.

कोण विचारतो, यावरही उत्तर बदलते. अमेरिकेत १९३६ ते १९३८ या काळात गुलामगिरीत जन्मलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती सरकारी योजनेतून नोंदवल्या गेल्या. त्यांतली एक गोष्ट विसरता येत नाही. १९३७ साली चार्ल्सटन शहरातल्या एका अतिवृद्ध कृष्णवर्णीय बाईला आधी एक गोरी बाई भेटली. ती सरकारी मदत वाटणाऱ्या कचेरीतून आली असावी, असे म्हातारीला वाटले. तिने सांगितले, आमचे मालक चांगले होते. नंतर तिला एक कृष्णवर्णीय मुलाखतकार भेटला. त्याला तिने फटक्यांच्या आणि पोटच्या मुलांपासून तोडल्या गेलेल्या आयांच्या गोष्टी सांगितल्या. बाई तीच, वर्षही तेच. पहिल्या वेळी ती खोटे बोलली, असे आम्ही म्हणणार नाही. तिने समोरच्याला झेपेल आणि स्वतःला धोका होणार नाही, तेवढेच सांगितले. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकाही हेच करतात आणि त्यात शहाणपण आहे.

आमच्या कामात हे रोज दिसले. सासू पलंगावर बसलेली असली की सून तिच्याकडे बघून उत्तर देई. नवरा दारात उभा असला की उत्तर तोच देई. त्यांना बाजूला करणे आमच्या रीतीत बसत नाही आणि ते बरेही नव्हे. मग आमच्यातली एक सासूबाईंपाशी बसून त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करी आणि दुसरी सुनेबरोबर चहा करायला आत जाई. चुलीपाशी जे ऐकले ते बैठकीत कधी ऐकले नसते. शुक्रवारी माग बंद असल्याने पुरुष घरी असत, म्हणून बापांशी बोलायचे ते शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर. आयांशी बोलायचे ते इतर दिवशी, सकाळचा स्वयंपाक आटोपल्यावर. आणि त्या मुलींशी स्वतंत्रपणे बोललो. कारण नवल असे की शाळा सोडलेल्या मुलीला सोडून बाकी सगळ्यांना विचारण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

भाषेचेही तसेच. तक्ता मराठीत, शाळा उर्दूत, घर दखनी-पुरबी मिसळलेल्या बोलीत. बाई जे म्हणाली ते आम्ही तिच्याच शब्दांत लिहून घेत होतो, मराठी नंतर. अल-बिरूनीने जवळजवळ हजार वर्षांपूर्वी हेच केले. गझनीच्या मेहमूदाच्या स्वाऱ्यांच्या काळात तो हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला, पंडितांना विचारत राहिला आणि १०३० च्या सुमारास ‘किताबुल हिंद’ लिहिले. त्याने सुरुवातीलाच सांगून टाकले की हा वादविवादाचा ग्रंथ नाही. हिंदू जे मानतात ते तो त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे मांडणार आहे. ज्यांच्याशी आपले पटत नाही त्यांचे म्हणणे त्यांना ओळखू येईल अशा रूपात लिहिणे, ही फार मोठी गोष्ट आहे. आम्ही तर आपल्याच गल्लीत विचारत होतो.

प्रश्नांची यादी किती पाळावी, याबद्दलही एक जुना अनुभव पुस्तकांतून दिसतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ पासून दोन-तीन वर्षांत सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न होते: देखरेख कशी आहे, कामाच्या सोयी कशा आहेत. पण कामगार यादी सोडून भलतेच बोलत. शेवटी मुलाखतकारांना सांगितले गेले की यादी बाजूला ठेवा, कामगाराला जे महत्त्वाचे वाटते तेच त्याला बोलू द्या. मग अर्ध्या तासाच्या मुलाखती लांबल्या आणि खरे दुखणे बाहेर येऊ लागले. आमच्याकडेही यादी होती, पाचच प्रश्नांची. ती पाठ होती, त्यामुळे हातात धरावी लागली नाही. एक बाई मुलीच्या शाळेबद्दल विचारल्यावर अर्धा तास नवऱ्याच्या खोकल्याबद्दल बोलत राहिली. तो विषयांतर नव्हता. नवरा रात्रपाळी सोडून घरी बसला होता, आई कामाला बाहेर पडत होती आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरात एकच माणूस होते, ते म्हणजे आमची विद्यार्थिनी. खोकल्यातूनच आम्ही शाळेपर्यंत आलो.

सातव्या घरात मात्र काही हाती लागेना. आई नीट बोलत होती, चहा दिला, मुलगी हुशार आहे म्हणाली, पण प्रवेश का राहिला यावर ‘बस, ऐसेच’. पैशाची अडचण नव्हती, सत्रही सकाळचे मिळाले होते. आम्ही निघायच्या बेतात असताना ती म्हणाली, “टीचर, अब मैं एक बात पूछूँ?”

“जरूर.”

“आप की बेटियाँ अपने उर्दू इस्कूल में पढ़ती हैं?”

ज्याने घर उघडून दाखवले त्याला आमच्या घरात डोकावण्याचा हक्क आहेच. आमच्यापैकी एकीची मुलगी आमच्याच शाळेत आहे, दुसरीची इंग्रजी शाळेत. जसे होते तसे दोघींनी सांगितले, आपापली कारणेही सांगितली. ती ऐकत राहिली. मग उठली, लोखंडी पेटी उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद बाहेर काढला. तो मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला होता. आमच्याच शाळेचा, मूळ प्रत.

“हायस्कूल वाले असली माँगते हैं,” ती म्हणाली. “असली कागज मैं हाथ से नहीं जाने दूँगी. इस में उस की पैदाइश की तारीख लिखी है, जगह लिखी है. कल कोई पूछे तो क्या दिखाऊँ?”

मुलीचा जन्म घरी झालेला, महापालिकेत नोंद नव्हती. या देशात ती जन्मली याचा आईच्या लेखी तेवढा एकच पुरावा होता. तो जपण्यासाठी तिने मुलीची शाळा थांबवली होती. शिक्षण नको म्हणून नव्हे, मुलगी हवी म्हणून. आम्ही दोघी काही वेळ काहीच बोललो नाही. ही शांतता पुस्तकातली नव्हती.

त्या एका घरात आम्हाला पटले की विचारणाऱ्याने स्वतःही उत्तर द्यायला तयार असावे. आमच्या उत्तरात तिला कोणती खात्री मिळाली ते आम्ही सांगू शकत नाही. पण ते उत्तर दिल्याशिवाय ती पेटी उघडली नसती, एवढे नक्की.

पुढचे काम सोपे होते. दाखल्याच्या साक्षांकित प्रती काढल्या. आईला घेऊन हायस्कूलमध्ये गेलो आणि मूळ दाखला जमा केल्याची शिक्क्यासह पोच मागितली. कारकुनाने आढेवेढे न घेता दिली. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलीची नोंद कायम राहते आणि त्याचा उतारा केव्हाही मिळतो, हेही तिला पान उघडून दाखवले. तिने पोच त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. अंधाराचे काम त्याहून सोपे निघाले. सकाळच्या सत्रात जागा होती, फक्त कोणी मागितली नव्हती. त्या वर्षी नऊपैकी चार मुली नववीत बसल्या. पाच बसल्या नाहीत. खोकल्याच्या घरी आम्हाला काही करता आले नाही. तिचा भाऊ अजून लहान होता आणि वडील अजून घरीच होते.

अहवाल लिहिताना नावे घातली नाहीत, घर क्रमांक एक ते नऊ असे लिहिले. प्रत्येक घराचे लिहून झाल्यावर पुन्हा त्या घरी जाऊन वाचून दाखवले. दोन ठिकाणी आयांनी वाक्ये काढायला सांगितली, ती काढली. एका बापाने एक वाक्य वाढवायला सांगितले, ते वाढवले. ज्याचे आहे त्याला परत दाखवावे. सवाल्याने एवढा अदब पाळावा. तक्ताही भरला, कारण तो मागितला होता. नऊपैकी आठ घरांना ‘इतर’ या चौकटीत खूण करावी लागली आणि मागे चौदा पाने जोडली. मुख्याध्यापकांनी पाने चाळली आणि विचारले की ‘पालकांची उदासीनता’ ही चौकट रिकामी कशी? आम्ही सांगितले, नऊ घरे फिरलो, तिथे ती कुठे दिसली नाही.

आता दर जूनमध्ये हे काम आमच्याकडेच येते. आम्ही निकालाच्या दिवशीच पालकांना तीन गोष्टी विचारतो: सत्र कोणते मिळाले, वाट कुठून जाते आणि कागद कुठे आहे. पहिल्या दोन प्रश्नांना उभ्या उभ्या उत्तर मिळते. तिसरा विचारण्याआधी आम्ही खुर्ची पुढे करतो.